डब्यातला वारा, घरातली शांतता

घरातल्या बाईला घर अर्धंअधिक कानांनीच चालवावं लागतं. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या, गच्चीवरच्या टाकीतून पाणी सांडायला लागलं की पंप बंद करायला धावायचं, मिक्सरचा आवाज जड झाला की चटणीत चमचाभर पाणी घालायचं. प्रत्येक आवाजाला काय उत्तर द्यायचं, हे आपल्या हातांना पाठ असतं. पण गेल्या काही वर्षांत बऱ्याच घरांच्या हॉलमध्ये एक नवा आवाज येऊन बसला आहे आणि त्याचं काय करायचं हे आपल्याला ना आईने शिकवलं ना सासूने. टेबलाखाली एक काळा डबा, त्यात लुकलुकणारे लाल-निळे दिवे आणि आतून येणारी अखंड घरघर. गेम सुरू झाला की तर विचारूच नका, हॉलचा विमानतळच होतो! हाच तो 'गेमिंग पीसी'.

आमच्याकडे हा डबा आला तो लेकीसाठी. ती इंजिनीअरिंगला आहे. दिवसा त्यावर तिची डिझाइनची कामं चालतात, रात्री नऊ ते अकरा चार मैत्रिणींबरोबर गेम. "मुलगी असून गेम?" असं विचारणारे नातेवाईक आमच्याकडेही आहेत. त्यांना मी एवढंच सांगते, की मुलगा असता तर तुम्ही विचारलं नसतं. निम्मे पैसे तिने शिकवण्या घेऊन जमवले होते, निम्मे आम्ही घातले. तेव्हा डब्यावर तिचा हक्क पक्का.

पण हॉलवर तसाच हक्क आमच्या सासूबाईंचाही आहे. त्या एकोणऐंशी वर्षांच्या. गेली दोन वर्षं कानाला यंत्र लावतात. त्यांची आरामखुर्ची हॉलमध्येच, खिडकीपाशी. रात्रीची जेवणं झाली की तिथे बसून गप्पा मारायच्या, उद्याच्या भाजीचं ठरवायचं, शेजारच्या चौकशा करायच्या, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. मात्र या उन्हाळ्यात नऊ वाजले की त्या उठून आत जायला लागल्या. विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही गं, पाठ टेकते जरा." आत जाऊन यंत्र काढून डबीत ठेवायच्या. एकदा डबीत गेलं, की त्या आमच्यात नसायच्याच.

उलगडा झाला तो कानाच्या यंत्राच्या नेहमीच्या तपासणीत. ऑडिओलॉजिस्टने नीट समजावून सांगितलं. वयाबरोबर आधी जातात ते बारीक, उंच पट्टीचे आवाज. आणि बोलण्यातले स, श, त, फ असे वर्ण त्याच पट्टीत येतात. म्हणजे कुणीतरी बोलतंय हे कळतं, पण काय बोलतंय ते कळत नाही. त्यात खोलीत सतत 'सूंऽऽ' असा आवाज असेल तर उरलेसुरले वर्णही त्याखाली गाडले जातात. यंत्र आवाज मोठा करतं, पण हवा तो आणि नको तो यांची पूर्ण निवड त्याला करता येत नाही. "घरात असा सततचा आवाज कशाचा आहे का?" या प्रश्नावर माझ्या आधी लेकीनेच मान डोलावली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "म्हणजे आजी माझ्यामुळे आत जाते?"

आता सोपे उपाय दोनच दिसत होते. लेकीने गेम बंद करायचा, नाहीतर आईंनी आत जायचं. आपल्याकडे अशा वेळी कुणीतरी मुकाट्याने माघार घेतं आणि बहुतेक वेळा ती घेणारी बाईच असते. इथे तर दोन्हीकडे बायकाच! मला दोघींपैकी कुणाचीही जागा कमी करायची नव्हती. मग उरला तिसरा उपाय, तो डबाच गप्प करायचा. त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही मायलेकींनी त्या पंख्यांमागे घालवले. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यासमोर ठेवते. कारण दुकानात गेल्यावर "मॅडम, हा एकदम सायलेंट आहे" यापलीकडे कुणी काही सांगत नाही.

मुळात या डब्यात पंखे लागतात कशाला? तर वीज खाणाऱ्या प्रत्येक वस्तूची शेवटी उष्णताच होते. गेम चालू असताना चांगल्यापैकी मशीन सहज साडेतीनशे-चारशे वॉट घेतं. जुने साठ वॉटचे पिवळे बल्ब आठवतात? तसले सहा बल्ब पेटवून एका लोखंडी पेटीत बंद करून ठेवले तर काय होईल, तसं. यातली सर्वांत जास्त उष्णता ग्राफिक्स कार्डाची, त्याखालोखाल प्रोसेसरची. ती पेटीबाहेर काढायचं काम पंख्यांचं. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवा. पंखा हा काही एसी नव्हे. खोलीत चौतीस अंश असतील तर पंखा आतला भाग चौतीसच्या खाली कधीच नेऊ शकत नाही. म्हणून नागपूरच्या मे महिन्यात जो पंखा बोंबलतो, तोच जानेवारीत महाबळेश्वरला पुटपुटत असेल.

पहिली पायरी म्हणजे चोर ओळखणं. एका डब्यात पाच-सहा पंखे असतात. पुढून हवा आत घेणारे, मागून-वरून बाहेर फेकणारे, प्रोसेसरच्या डोक्यावरचा, ग्राफिक्स कार्डाचे दोन-तीन आणि वीजपुरवठ्याच्या पेटीतला, म्हणजे ज्याला दुकानदार 'एसएमपीएस' म्हणतात त्यातला. यातला नेमका ओरडतोय कोण हे कळल्याशिवाय नवे पंखे आणणं म्हणजे कोणती फोडणी करपली ते न बघता सगळाच स्वयंपाक टाकून देणं! आम्ही वर्तमानपत्राची सुरळी केली. एक टोक कानाला, दुसरं एकेका जाळीपाशी. डॉक्टरांच्या नळीसारखं छान ऐकू येतं. मात्र सुरळी जाळीच्या बाहेरच ठेवायची, आत घालायची नाही.

आवाजाच्या जातीवरूनही बरंच कळतं. नुसता 'सूंऽऽ' असेल तर तो वाऱ्याचा, म्हणजे पंखा जोरात फिरतोय. 'कर्र-कर्र' किंवा 'टक-टक' असेल तर बेअरिंग झिजलंय किंवा आतली एखादी वायर पात्याला लागतेय. डबाच थरथरत असेल तर स्क्रू सैल आहेत. कमी-जास्त होत राहणारा 'वाँव-वाँव' असेल तर दोन पंखे जवळजवळ सारख्या, पण तंतोतंत सारख्या नसलेल्या वेगाने फिरताहेत. तंबोऱ्याच्या दोन तारा नीट जुळल्या नाहीत की जशी लहर येते, तशीच ही. आणि गेम सुरू असताना बारीक, किडा किरकिरल्यासारखा आवाज येत असेल तर तो पंख्याचा नसतोच. तो ग्राफिक्स कार्डातल्या किंवा एसएमपीएसमधल्या वेटोळ्यांचा. कितीही महाग पंखा आणा, तो जाणार नाही.

आमच्याकडे दोषी निघाले समोरचे तीन आणि मागचा एक. डब्याबरोबर फुकट आलेले, दिव्यांनी नटलेले! डबा घेताना आपण दिवे बघतो आणि कंपनीलाही ते ठाऊक असतं. फुकट पंख्यांत बेअरिंग बहुधा स्वस्तातलं असतं. शिवाय आमचे चारही पंखे कायम एकाच वेगाने, पूर्ण जोरात फिरणारे होते. मशीनला गरज असो वा नसो, हे आपले धावताहेत.

दुसरी पायरी फुकटची. साफसफाई! भिंतीतला प्लग काढायचा, डब्याचं बटण चार-पाच सेकंद दाबून ठेवायचं म्हणजे आत उरलेली वीज बरीचशी निघून जाते. मग बाजूचं झाकण काढून मऊ ब्रश आणि ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती एका बोटाने धरून ठेवायची. मोकळी सोडली तर ती वाऱ्याने वेड्यासारखी फिरतात आणि बेअरिंगला ते सोसत नाही. समोरची धुळीची जाळी निघते. ती नळाखाली धुवायची आणि पूर्ण वाळल्यावरच परत लावायची. आमच्या जाळीवर गोधडीच्या कापसासारखा थर होता. रस्त्यालगतचं घर, समोर बांधकाम, मग दुसरं काय होणार? जाळी तुंबली की तेवढीच हवा ओढायला पंख्याला जास्त धडपडावं लागतं. स्वयंपाकघरातल्या चिमणीची जाळी तेलकट झाली की ती नुसतीच ओरडते आणि धूर घरातच राहतो, तेच हे. फक्त एसएमपीएसची पेटी मात्र उघडायची नाही. प्लग काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये जोरदार झटका देण्याइतकी वीज साठलेली राहू शकते. ती बाहेरूनच साफ करायची. तिचा पंखा बिघडला असेल तर दुरुस्ती तज्ज्ञाकडे द्यायची किंवा पेटीच बदलायची.

तिसरी पायरीही फुकटच. उष्णताच कमी करायची. आमचा मॉनिटर सेकंदाला पंचाहत्तर चित्रं दाखवतो. पण काहीच मर्यादा घातली नाही तर ग्राफिक्स कार्ड बिचारं दीडशे-दोनशे चित्रं रंगवत बसतं. त्यातली निम्म्याहून अधिक पडद्यावर पूर्ण दिसतही नाहीत. लेकीने गेमच्या सेटिंगमध्ये पंचाहत्तरची मर्यादा घातली. पाच माणसांना बारा माणसांचा कुकर लावायचा कशाला? कार्डाची ऊब उतरली आणि त्याचे पंखेही हळू झाले.

एवढं करूनही ते चार पंखे गप्प बसणार नव्हते. मग खरेदी. इथे थोडा हिशेब समजून घेऊ या, कारण सगळी गोम त्यातच आहे. पंखा मिनिटाला किती फेरे घेतो त्याला आरपीएम म्हणतात. वेग निम्मा केला की हवाही साधारण निम्मी होते. पण आवाज? तो पंधरा डेसिबलच्या आसपास उतरतो. आणि डेसिबलचं गणित आपल्या किलो-लिटरसारखं सरळ नसतं. दहा डेसिबल उतरले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. उलट, सारख्या आवाजाचा दुसरा पंखा शेजारी ठेवला तर भर पडते ती फक्त तीन डेसिबलची. म्हणजे एक पंखा जोरात पळवण्याऐवजी तसलेच दोन निम्म्या वेगाने फिरवले तर हिशेबाने हवा तेवढीच, आवाज मात्र बारा डेसिबलने कमी! एका सुनेला दिवसभर पळवण्यापेक्षा दोघींनी मिळून निवांत काम केलं तर घर शांत राहतं, हे आपल्याला निराळं सांगायला नको.

म्हणून नवा पंखा निवडताना पहिलं बघायचं ते माप. जेवढा मोठा पंखा, तेवढा तो हळू फिरून तेवढीच हवा देतो. बाजारात ८०, ९२, १२० आणि १४० मिलिमीटरचे पंखे मिळतात. सगळ्यांत चालणारा १२०चा. हे माप पात्याचं नसून बाहेरच्या चौकटीचं असतं. स्क्रूच्या एका भोकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत पट्टीने मोजलं तर १२०च्या पंख्यात १०५ मिलिमीटर भरतात, १४०च्या पंख्यात १२४.५. डब्यात १४०ची जागा असेल तर तोच घ्यावा. जाडी बहुतेकांची २५ मिलिमीटर असते. आतून काही आडवं येत नाही ना, एवढं बघून घ्यायचं.

दुसरी गोष्ट पिन. पंख्याच्या वायरीच्या टोकाला तीन भोकं आहेत की चार, ते बघा. तीनवाल्याचा वेग विजेचा दाब कमी-जास्त करून बदलता येतो. चारवाल्यात वेगाचा हुकूम द्यायला वेगळी तार असते. तिच्यावरून सेकंदाला पंचवीस हजार वेळा इशारा जातो. माणसाच्या कानाची मजल जास्तीत जास्त वीस हजारांपर्यंत, त्यामुळे त्या इशाऱ्याचा आवाज आपल्याला येत नाही. चार पिनांचा पंखा आणखी हळू, आणखी बेताने फिरवता येतो. शक्यतो तोच घ्यावा. पण मदरबोर्डवर जागा तीन पिनांची असली तरी तो तिथे बसतो आणि चालतो, घाबरू नका.

तिसरं बेअरिंग. 'स्लीव्ह' बेअरिंग स्वस्त आणि सुरुवातीला शांत. पण त्यातलं वंगण आटलं की रडायला लागतं, त्यातून पंखा आडवा, म्हणजे छतासारखा बसवला असेल तर लवकरच. 'बॉल' बेअरिंग टिकाऊ, पण त्याचा स्वतःचाच थोडा खरखरता सूर असतो. 'फ्लुइड डायनॅमिक' म्हणजे तेलाच्या पातळ थरावर फिरणारं, ते शांतही आणि टिकाऊही. खोक्यावर हे शब्द लिहिलेले असतात.

चौथं म्हणजे पंखा बसणार कुठे. समोर दाट जाळी किंवा प्रोसेसरच्या पत्र्यांची दाटी असेल तर हवा नुसती सोडणारा नव्हे, ढकलणारा पंखा लागतो. त्याला 'स्टॅटिक प्रेशर' म्हणतात, आणि खोक्यावर तो आकडा पाण्याच्या मिलिमीटरमध्ये दिलेला असतो. दीड-दोनच्या पुढे असेल तर उत्तम. मागच्या मोकळ्या खिडकीला साधा पंखाही पुरतो.

आणि खोक्यावरच्या डेसिबलच्या आकड्याचं काय? तो बघावा, पण त्यावर सारं ठरवू नये. प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजते, बहुधा एकच पंखा, शांत खोलीत, समोर काहीही अडथळा नसताना. आपल्याकडे तो जाळीमागे बसणार असतो. त्यापेक्षा कमाल आणि किमान वेग बघा. जो पाचशे-सहाशे फेऱ्यांपर्यंत खाली येतो, तो रात्री सुखाने झोपू देतो. आणि हो, आपल्या घरात छताचा पंखा असतोच. डब्याचा आवाज त्याच्याखाली बुडाला की पुरे. परदेशातल्या बंद, गालिचा घातलेल्या खोल्यांसाठी जे चोचले करतात, त्यापायी आपण पैसे घालवायचं कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेने झोपण्याच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलपर्यंत असावा असं सुचवलं आहे, आणि आपल्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रहिवासी भागासाठी रात्रीची मर्यादा ४५ आहे. हे आकडे डोळ्यांसमोर असले तरी अंदाज येतो.

नावांचं म्हणाल तर या क्षेत्रातली मोठी मानकरी म्हणजे ऑस्ट्रियाची 'नॉक्टुआ'. २००५ साली सुरू झालेली ही कंपनी आपल्या चॉकलेटी आणि बदामी रंगाच्या पंख्यांसाठी प्रसिद्ध आहे. लेक म्हणते, "आई, अगदी आजीच्या जुन्या कपाटाचा रंग!" त्यांच्या २०१८ सालच्या १२०च्या पंख्यात पात्याचं टोक आणि चौकट यांच्यात फक्त अर्धा मिलिमीटर फट ठेवली आहे. फटीतून हवा मागे पळाली की पंखा उगाच जास्त फिरतो, म्हणून ही कसरत. पातं फिरताना ताणलं जाऊन चौकटीला घासू नये यासाठी मुद्दाम वेगळं, कडक प्लॅस्टिक वापरलं आहे. पूर्ण दोन हजार फेऱ्यांना त्याचा आवाज कंपनी २२.६ डेसिबल सांगते. जर्मनीची 'बी क्वाएट' हीसुद्धा याच पंगतीतली. आणि मध्यमवर्गीय खिशासाठी 'आर्क्टिक'. त्यांचे १२०चे साधे काळे पंखे पाच-पाचच्या खोक्यातही मिळतात. महागातल्या एका पंख्याच्या पैशात यांतले साधारण तीन येतात. फरक नाही का? आहे, पण तो पूर्ण वेगात जास्त. आठशे-नऊशे फेऱ्यांवर दोन्ही पंखे हॉलच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या माणसाला सारखेच.

आम्ही लॅमिंग्टन रोडला गेलो. पहिल्या दुकानातला मुलगा माझ्याकडे न बघता थेट म्हणाला, "आरजीबी घ्या ताई, मुलांना आवडतं." लेक म्हणाली, "मुलांना नाही, मला हवाय. चार पिनांचा, फ्लुइड बेअरिंगवाला, १२०चा, दिवे नकोत." त्याने मान वर करून पहिल्यांदा नीट बघितलं आणि आतून खोकं आणायला गेला. मी गप्प राहिले, पण मनातून जाम खूश! चार साधे काळे पंखे आणि एकाच खाचेत दोन पंखे जोडता येतील अशा दुहेरी वायरी घेतल्या. रबराच्या खुंट्याही मिळतात, स्क्रूऐवजी लावायच्या. पंख्याची थरथर डब्याच्या पत्र्यात उतरत नाही. खलबत्त्याखाली आपण घडी केलेलं फडकं घालतो ना, तसं.

बसवणं अवघड नाही. एकच गोष्ट चुकवायची नाही, ती म्हणजे दिशा. पंख्याच्या ज्या बाजूला आधाराच्या काड्या आणि मध्ये स्टिकर असतं, त्या बाजूने हवा बाहेर पडते. समोरचे पंखे हवा आत घेतील, मागचा बाहेर फेकेल, असे लावायचे. आत घेणारे थोडे वरचढ ठेवले की हवा जाळीतूनच आत येते आणि फटीफटीतून धूळ ओढली जात नाही. मदरबोर्डच्या एका खाचेला बहुधा एक अँपिअरची मर्यादा असते. असा पंखा पाव अँपिअरहूनही कमी घेतो, त्यामुळे दोन-तीन जोडायला हरकत नाही. पण पंख्यावर छापलेला आकडा बघून बेरीज करावी.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो मात्र शेवटच्या गोष्टीने. मशीन सुरू होताना जी सेटिंगची पाटी येते, जिला 'बायोस' म्हणतात, तिथे किती तापमानाला पंखा किती फिरावा याची रेषा आखता येते. लेकीने पन्नास अंशांपर्यंत सहाशे फेरे, सत्तरला नऊशे आणि ऐंशीच्या पुढे पूर्ण वेग, अशी रेषा आखली. शिवाय तापमान वाढल्या-वाढल्या पंखा उसळू नये म्हणून काही सेकंदांचा विलंब घातला. आपल्या कानाला सततचा आवाज तेवढा टोचत नाही, जेवढा तो मध्येच चढला-उतरला की टोचतो. प्रोसेसर ऐंशी अंशांवर गेला म्हणून दचकायचं कारण नाही. आजचे बरेच प्रोसेसर पंचाण्णव-शंभरच्या आसपास पोहोचल्यावर आपणहून वेग कमी करून स्वतःला सांभाळतात. आमच्याकडे गेम चालू असताना आधी एकाहत्तर अंश असायचे, आता चौऱ्याहत्तर. तीन अंशांच्या बदल्यात जे मिळालं ते फार मोठं होतं.

मोबाइलवरच्या आवाज मोजायच्या अॅपवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. पण आधीचं आणि नंतरचं यांची तुलना करायला ते बरं. आईंच्या खुर्चीत मोबाइल ठेवून, छताचा पंखा बंद करून मोजलं. आधी ४७, नंतर ३६. माझा मात्र त्या आकड्यापेक्षा दुसऱ्याच गोष्टीवर डोळा होता. दोन दिवस आम्ही कुणीच काही बोललो नाही. आईंना "आता ऐकू येतं का?" असं विचारलं असतं, तर त्यांनी आमचं मन राखायला "हो हो" म्हटलं असतं, हे मला पक्कं ठाऊक. तिसऱ्या रात्री साडेनऊ वाजले तरी त्या खुर्चीतच होत्या. डब्यावर गेम चालू होता. लेक कानाला हेडफोन लावून मैत्रिणीशी हळू आवाजात काहीतरी बोलत होती. आई एकदम म्हणाल्या, "अगं, परवा परीक्षा आहे म्हणतेस आणि आज खेळतेस?" लेक उडालीच! "आजी, तू ऐकतेयस?" आता तिला हळू बोलूनही भागत नाही, ही नवीच तक्रार सुरू झाली आहे. ती सोडवायला मात्र कुठल्याच दुकानात पंखा मिळत नाही.

तुमच्याही घरात असा घरघरता डबा असेल, तर "बंद कर ते" म्हणण्याआधी एक रविवार काढा. मुलाला किंवा मुलीला शेजारी बसवा, प्लग काढा आणि झाकण उघडा. आधी जाळी धुवा, मग गेममधली मर्यादा, मग पंख्यांची रेषा. एवढ्यानेच भागलं तर पैसे वाचले. नाही भागलं, तरच पट्टी घेऊन भोकांमधलं अंतर मोजा आणि कागदावर चार गोष्टी लिहून बाजारात जा. माप, पिना, बेअरिंग आणि किमान वेग. त्यानंतर महिन्यातून एकदा जाळी धुवायची. आमच्याकडे ती तारीख गॅसच्या नोंदींशेजारी, स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे. आणि धुवायचं काम, अर्थातच, खेळणाऱ्याचं!